सातकोटचे शिक्षेकरी

फोन आला तेव्हा मी भाव करत होते. पुठ्ठ्याचा व्यापारी समोर बसला होता, चहा संपला होता आणि तो शेवटचा म्हणून जो भाव सांगत होता तो शेवटचा नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फोनवर आभा होती, मधूभाऊंची नात. "इंदूआजी, आबा... आबा गेले. मतलब, सकाळीच. नींद में ही." मी म्हटलं, "बरं." ती आणखी काही बोलली असेल. मी फोन ठेवला आणि व्यापाऱ्याला म्हटलं, "हां, आप बोल रहे थे." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न मागता भाव उतरवला. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा सौदा मला कधी मिळाला नव्हता. माल उतरवून घेतला, पावती घेतली, शटर ओढलं आणि रिक्षानं सिटी सेंटरला, त्यांच्या मुलाच्या घरी, गेले. तिथे सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. आज पाच आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही.

मधूभाऊ म्हणजे मधुसूदन, नक्शानवीस. आधी संस्थानाच्या, मग मध्यभारताच्या आणि शेवटी मध्यप्रदेशाच्या दफ्तरात त्यांनी नकाशे काढले. टेबल एकच, वरची पाटी दोनदा बदलली असं ते म्हणायचे. पण आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आज जे साठी-सत्तरीला आले आहेत त्यांना ते आठवतील ते 'सातकोट'मुळे. सातकोट हा पटावरचा खेळ होता. सात तटांचा एक मायावी किल्ला, त्यात राजा, उडते घोडे, धुराचा राक्षस, कवड्या टाकून पुढे सरकायचं. त्याचे तीन भाग निघाले. खेळाची रचना त्यांची, खोके माझे. इंदुमती साळुंखे, खोकेवाली, नई सडक. खोक्याच्या तळाशी बारीक खिळ्यांत तेवढंच छापलेलं असायचं. त्यांच्या घरच्यांनी मला म्हटलं, वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं. मी लिहिते आहे. पण गोड लिहिता येत नाही, आणि माझा राग गेला आहे असं कोणी समजू नये.

आमची ओळख रद्दीवरून झाली. संस्थान विलीन झालं त्या वर्षी जुन्या दफ्तरांतून गाड्याच्या गाड्या कागद बाहेर निघाला. नव्या राज्याला जुन्या सरहद्दींचे नकाशे नको होते. ते लिलावात गेले आणि त्यातला एक मोठा ढीग मी उचलला, कारण नकाशाच्या मागे कापड डकवलेलं असतं आणि तसा कागद खोक्याच्या कोपऱ्यांना फार उत्तम. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. शिंदे की छावनीतल्या घराच्या ओसरीत बसून तिळाच्या गजक मिठाईचे डबे करायचे आणि नई सडकेवर एका दुकानाची अर्धी पायरी भाड्यानं घेऊन विकायचे. तिथे एक दिवस एक सडपातळ माणूस आला, ढिगाशी उकिडवा बसला आणि एकेक नकाशा उलगडून पाहू लागला. मी विचारलं, "काय हवंय?" तर म्हणतो, "ही सिंध नदी माझी आहे." मी म्हटलं, "असेल. नदी शेराच्या भावानं मिळेल." "अहो, मी काढलीय ती. दोन महिने लागले मला." "मग जड भरेल." तो हसला. मला वाटलं होतं भांडेल. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि मी उधार देत नसे. शेवटी सौदा असा ठरला की नदी त्यानं न्यावी आणि बदल्यात दिवाळीच्या डब्यांसाठी मला वेलबुट्टी काढून द्यावी. आठ दिवसांनी तो आला. वेलबुट्टी आणली होतीच, शिवाय तीच सिंध नदी परत आणली होती. नकाशाच्या पाठीवर त्यानं किल्ला रंगवला होता, सात तटांचा. "सरकारनं पाठ कोरी ठेवली होती," तो म्हणाला. "वाया कशाला घालवायची?"

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून येतं. बाबा संस्थानाच्या फौजेत हवालदार होते. फौजही विलीन झाली. कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला घरी पाठवायचं, याच्या याद्या लागल्या. बाबांचं नाव घरी पाठवायच्या यादीत होतं. कारण लिहिलं होतं वयाचं. आई ओरडत होती तेव्हा बाबा एकदाच म्हणाले, "अरे, भरतीच्या वेळी मीच तीन वर्षं वाढवून सांगितली होती. पंधराच्या पोराला घेत नव्हते. लिहिलंय ते मी सांगितलेलंच." पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. माझं ठरलेलं लग्न त्या यादीनंतर पंधरा दिवसांत मोडलं. पुढे मी केलंच नाही. वेळ मिळाला नाही असं लोकांना सांगते. मी स्वतः जाऊन छावणीच्या फाटकावरची ती यादी पाहिली होती, आणि त्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. शाळेत, रेशनच्या कागदावर, सगळीकडे आमचं आडनाव 'सालुंके' असंच लिहिलं जायचं. हिंदीच्या हाताला ळ येत नाही. त्या यादीत 'साळुंखे' होतं. पोटात छान गोल फिरवलेला, शेपटी वर वळवलेला ळ. म्हणजे लिहिणारा आपल्यातला होता. मराठी माणसानं शांतपणे, सुवाच्य अक्षरात, माझ्या बापाचं नाव लिहिलं होतं.

म्हणून मधूभाऊंनी तो किल्ला माझ्यापुढे पसरला तेव्हा मी म्हटलं, "राजा आहे, घोडे आहेत, राक्षस आहे. आतला माणूस कुठाय?"

"आतला म्हणजे?"

"किल्ला काय राक्षसामुळे पडतो? आतून कोणी दिंडी उघडतं तेव्हा पडतो." आणि मी त्यांना यादीतल्या त्या ळबद्दल सांगितलं. ते बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, पोरीच्या हुशारीनं थक्क झाले.

राजा-मंत्री-चोर-शिपाई सगळ्यांनी खेळलेलं असतं, तशाच घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आम्ही सातकोटात आणल्या. सुरुवातीला प्रत्येकानं एक उचलायची. एकीवर काळा ठिपका. ती ज्याला येईल तो गुपचूप 'शिक्षेकरी'. मारेकरी, पहारेकरी, तसा शिक्षेकरी. नाव माझं. वरून तो इतरांसारखाच खेळणार, आणि आतून एकेकाला शिक्षा देववणार. शिक्षेचे पत्ते वेगळे होते, त्यांवर काळ्या झग्यातला एक माणूस आणि खाली एकच शब्द, ठसठशीत: शिक्षा. मी म्हटलं होतं, त्यांना तोंडं काढा, चांगली पाशवी. मधूभाऊ म्हणाले, "मी नदी-डोंगरवाला माणूस, सुभेदार. तोंडं मला येत नाहीत." म्हणून झगा डोक्यावरून ओढला. हवालदाराच्या मुलीला त्यांनी परस्पर बढती देऊन टाकली होती. पहिल्या दिवसापासून मी सुभेदार. त्या चित्राचा आणि शब्दाचा मिळून एक ठसा करून घेतला, लाकडावर ठोकलेला जस्ताचा. त्याच्यासाठी मी ठसेवाल्याशी तीन दिवस घासाघीस केली. पहिल्या भागात शिक्षेकरी म्हणजे निव्वळ दुष्ट. सापडला की त्याला सातव्या तटावरून खाली ढकलायचं. लष्करातल्या मराठी पोरांनी त्याला किती वेळा ढकलला असेल याची गणती नाही. मला बरं वाटायचं.

दुसऱ्या भागाच्या वेळी मी म्हटलं, आता इंदूर, उज्जैन, शिवपुरी सगळं एकच राज्य झालंय, हिंदीतही काढू. मधूभाऊंचं हिंदी कच्चं होतं. घरी मराठी, दफ्तरात नकाशे. मी हिंदी शाळेत शिकलेली. नियमांचं हिंदी मी केलं. आणि इथे ती गोष्ट येते जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. छापखान्यात खिळे जुळवणारे एक म्हातारे पंडितजी होते. त्यांनी पत्ता उचलून चष्म्याजवळ नेला. "बहनजी, यहाँ दंड कर दें? या सज़ा?"

"क्यों?"

"हिंदी में तो शिक्षा पढ़ाई को कहते हैं."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण शब्द बदलायचा म्हणजे ठसा नवा, आणि त्या ठसेवाल्याचं तोंड मला पुन्हा पाहायचं नव्हतं. लिपी एक, चित्र एक, मग ठसे दोन कशाला? मी म्हटलं, "वही रहने दीजिए. समझने वाले समझ लेंगे." आणि नियमांतही शिक्षा हाच शब्द ठेवला, म्हणजे पत्त्याशी जुळेल. काले लबादे वाले छिपकर शिक्षा देते हैं, असं माझ्या हातानं लिहिलं.

समजणाऱ्यांनी समजून घेतलं. दोन-तीन महिन्यांत पोस्टकार्डं येऊ लागली. त्यातलं शिवपुरीच्या एका मुलीचं मला पाठ आहे, कारण मधूभाऊंनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं होतं. "हमारे यहाँ सब काली बिंदी वाली पर्ची माँगते हैं. लबादे वाले गुरुजी छिपकर क्यों पढ़ाते हैं? क्या राजा ने मना किया है?" मधूभाऊ वाचता वाचता थांबले, मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. "सुभेदार, हे काय झालं?" मी म्हटलं, "छापखान्याची चूक. म्हाताऱ्याला दिसतं कुठे." ते बरं म्हणाले. पुढे कोणीही विचारलं की ते सांगायचे, "चूक माझी. मी हिंदीत ढ." मला वाटायचं, भला माणूस आहे, पंडितजींना वाचवतोय.

तिसऱ्या भागात त्यांनी मला न विचारता शिक्षेकऱ्यांना मास्तर केलं. ठसा तोच, फक्त पटावर सातव्या तटाखाली एक तळघर आलं, आणि काळ्या झग्यांच्या आतून उजेड दिसायला लागला, कारण प्रत्येकानं आत कंदील लपवला होता. राजानं किल्ल्यात अक्षरं शिकवायला बंदी केलेली, आणि हे लोक शिकवतात. ठिपकेवाल्यानं आता इतरांना एकेक अक्षराचा पत्ता मिळवून द्यायचा, पण कोणी दिला ते कळू द्यायचं नाही. कळलं की हरला. मी पट उलगडला आणि माझं डोकं फिरलं.

"माझ्या बापाला घरी बसवणारे लोक, आणि त्यांच्या हातात कंदील?"

"पोरांनी मागितलं, सुभेदार."

"पोरं उद्या राक्षसाला मामा करायला सांगतील!"

"करू की," ते म्हणाले. "राक्षसाला मामा केला तर सुट्टीत जायला घर होईल."

अशा वेळी त्यांच्याशी भांडणं कठीण जायचं. मी खोके करून दिले, पण मुद्दाम आठवडाभर उशिरा. तो भाग सगळ्यांत जास्त खपला. आणि आमच्या घरात काय झालं, तर बाबांना तो आवडला. घरी बसल्यापासून बाबा ओसरीवर माझ्याबरोबर खोक्यांना खळ लावत. फौजी हात, एक थेंब इकडेतिकडे जायचा नाही, पण दिवस दिवस बोलायचे नाहीत. तिसरा भाग आल्यावर गल्लीतल्या मंडळींना जमवून ते स्वतः पट मांडायला लागले. ठिपक्याची चिठ्ठी आली की तोंड इतकं गंभीर करायचे की सगळ्यांना कळायचं, आणि मग सगळे मिळून न कळल्याचं सोंग करायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, हे लोक कोण आहेत माहीत आहे ना तुम्हाला?" तर म्हणाले, "इंदे, असू दे ना. चुपचाप कोणाला काहीतरी देऊन टाकायचं. इस में मजा है." ते मनात ठेवलं. मी मनात ठेवते.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळ. दफ्तरं हलायला लागली आणि दफ्तरांमागे माणसं. नई सडकेवरून रोज कोणाचं तरी सामान टांग्यातून स्टेशनकडे जायचं. सगळ्यांना बांधाबांधीला खोके हवे होते. शहर रिकामं होत होतं आणि माझा धंदा कधी नव्हता इतका जोरात होता. मधूभाऊंचाही हुकूम निघाला. जायच्या दोन दिवस आधी ते दुपारचे दुकानात आले, हातात कापडी पाठीच्या नकाशाची गुंडाळी आणि एक लखोटा. "चौथा भाग. शेवटचा."

मी पट उलगडला. साती तटांच्या दिंड्या उघड्या होत्या आणि किल्ल्यातून वाटा बाहेर जात होत्या, कागदाच्या कडेपर्यंत. काळ्या झग्याचा एकही पत्ता नव्हता. लखोट्यात फक्त चिठ्ठ्या. एक उघडली, ठिपका. दुसरी उघडली, ठिपका. मी चारीच्या चारी उघडल्या.

"चूक झालीय."

"नाही झाली."

"सगळ्यांवर ठिपका?"

"हो. पण हे खेळणाऱ्यांना ठाऊक नाही. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. म्हणून प्रत्येक जण लपवतो. शेवटी सगळ्यांनी एकदम चिठ्ठ्या पटावर टाकायच्या."

"आणि जिंकतं कोण?"

"ते अजून ठरलं नाही."

"अहो, मग चोर कोण यात? ज्यानं केलं त्याला पकडायचं कसं? लोक खोका परत आणून माझ्या डोक्यात घालतील!"

ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सुभेदार, तो ळ माझा आहे."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी सांगितलं ते असं. विलीनीकरणाच्या घाईत याद्यांच्या स्वच्छ प्रती काढायला माणसं कमी पडली, तेव्हा वेगवेगळ्या दफ्तरांतून चांगल्या अक्षराची माणसं आठवडाभर उचलून आणली. त्यात हे. समोर कच्चा कागद, त्यावर 'सालुंके'. "मी ते नीट केलं," ते म्हणाले. "मला वाटलं, निदान नाव तरी नीट जावं." पहिल्या दिवशी मी त्या ळबद्दल बोलले तेव्हाच त्यांना कळलं होतं. आठ वर्षं कळलेलं होतं. माझ्या ओसरीवर बसून बाबांच्या हातचा चहा पिताना कळलेलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. अहो-जाहो सुटलं आणि मी अरे-तुरेवर आले, आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. नाव लिहिलंस त्याचा राग नव्हता मला. लिहायला बसवलं तर कोणीही लिहील. ठिपक्याची चिठ्ठी मुठीत धरून तू माझ्यासमोर खेळत राहिलास, त्याचा होता. आणि मी म्हटलं, "म्हणून त्यांना मास्तर केलंस होय! हातात कंदील दिलास! स्वतःला धुऊन काढलंस!" ते उठले. माझ्यामागच्या फळीवर तो जस्ताचा ठसा ठेवलेला असायचा. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "चौथ्याला ठसा लागत नाही. तेवढा खर्च वाचेल." आणि गेले. गुंडाळी तिथेच राहिली.

त्या वाक्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला: चूक कोणाची ते त्यांना ठाऊक होतं. पंडितजींनी पुढे कधीतरी सांगितलंही, "भाईसाहब को तो मैंने उसी दिन बता दिया था, बहनजी." शिक्षेकऱ्यांना मास्तर मधूभाऊंनी केलं नव्हतं. मी केलं होतं, एक ठसा वाचवायला, आणि वर नाव म्हाताऱ्याचं घेतलं होतं. त्या दिवशी भर बाजारात मी त्यांना नको ते बोलले तेव्हा एवढंच सांगून ते मला गप्प करू शकले असते. त्यांनी केलं नाही. उलट पोरांनी जे वाचलं ते खरं करून दाखवायला एक अख्खा भाग काढला. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. ज्यांना तिसरा भाग आवडला होता त्यांनी वाचावं.

ते तीस वर्षं भोपाळला होते. दिवाळीला पत्र यायचं, मी उत्तर द्यायचे, दोघंही हवापाण्याचं लिहायचो. बाबा गेले तेव्हा ते आले, खांदा दिला, त्याच गाडीनं परत गेले. बाबांना त्या ळचं मी कधी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, आणि तेच ऐकायचं नव्हतं. निवृत्त होऊन मधूभाऊ मुलाकडे, सुहासकडे, सिटी सेंटरला राहायला आले, आणि दर मंगळवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, मी हिशेबाला एकटी बसते तेव्हा, दुकानात यायला लागले. स्टुलावर बसायचे. हाताला लागेल त्या कागदाची चिठ्ठी करायचे, औषधाच्या कागदाची, तिकिटाची, माझ्या कात्रणांची. आधी अर्धी घडी, मग पाव, मग कडा आत. ते गेल्यावर स्टुलाखाली चार-पाच सापडायच्या. सातकोटचं नाव आम्ही वीस वर्षांत एकदाही काढलं नाही. राग धरून ठेवता येतो आणि चहाही पाजता येतो. दोन्ही एका वेळी जमतं.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, जायच्या दहा-बारा दिवस आधी. पलंगावर उशीला टेकून बसले होते, आवाज बारीक झाला होता. सुनेनं चहा ठेवला. ती आत गेल्यावर म्हणाले, "सुभेदार, चौथ्याचा खोका राहिला."

मी म्हटलं, "पुठ्ठा महाग झालाय."

ते हसले. हातातल्या कागदाची घडी घालत म्हणाले, "थोडं कमी करा."

आयुष्यभर मी समोरच्याच्या या वाक्याची वाट पाहत आले आहे. कोणी कमी करा म्हटलं की सौदा मोडत नाही, सुरू होतो. पुढे आपण काहीतरी उतरायचं असतं. मला उतरता आलं नाही. मी म्हटलं, "येते," आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर वळून पाहिलं असेल... पाहिलं नाही बहुतेक.

तेराव्यानंतर मी माळ्यावरून गुंडाळी काढली. वर त्यांच्या हातानं लिहिलं होतं, 'खेळ चौथा'. तोच ळ, पोटात गोल, शेपटी वर. गेली कित्येक वर्षं खोके यंत्रावर होतात, माझ्या हाताखाली माणसं आहेत. हा मी स्वतः केला. पटाचं माप घेतलं, पुठ्ठा कापला, कोपऱ्यांना जुन्या नकाशाचं कापड लावलं. थोडं शिल्लक होतं. चांगल्या खोक्याचं झाकण दाबून बसवावं लागत नाही. वर ठेवायचं आणि हात काढायचा. आतली हवा हळूहळू निघते आणि झाकण आपोआप खाली जातं, कोणी सावकाश बसावं तसं. हातांना आता सवय राहिली नाही, मला वाटलं नव्हतं जमेल. ठेवलं. गेलं. मग ठशाला शाई लावली आणि झाकणावर उमटवला. त्यांनी लागत नाही म्हटलं होतं. म्हटलं असेल.

गेल्या मंगळवारी तो खोका घेऊन मी सिटी सेंटरला गेले. आभानं झाकणावरचा शब्द बोटानं वाचला. "आजी, ही शिक्षा कौन सी वाली? पढ़ाई की सज़ा?" मी म्हटलं, "ठसा एकच आहे." सुहास, सून, आभा आणि मी असे चौघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. पट पसरला. चारी चिठ्ठ्या मी पटाच्या मधोमध टाकल्या, त्यांनी घातलेल्या घड्यांसकट. नियम एवढाच सांगितला की ज्याच्याकडे ठिपका आहे त्यानं कळू द्यायचं नाही.

सुहासनं उघडली, पाहिली आणि खिडकीबाहेर बघायला लागला, जसं काही झालंच नाही. सुनेनं पदर सारखा केला. आभा फार चांगली खेळेल असं वाटतं. तिनं जांभई दिली. तिघंही एकमेकांकडे चोरून पाहत होते की कोणाकडे असेल. मला सगळं ठाऊक होतं. चारी चिठ्ठ्या मी पूर्वी एकदा उघडून पाहिलेल्या होत्या. तरीही माझी उचलताना मी ती दुसऱ्या हातानं झाकली, मांडीवर घेतली, आणि कोणाला दिसणार नाही अशी उघडली.